आद्यतम कपाटात आहे

टेक १

काळाच्याही आधीच्या काळी, तारे अजून ओले होते तेव्हा, दुष्ट देव आद्यतम याला डोंगराच्या पोटात कोंडण्यात आलं. दारामागे दार, कुलपामागे कुलूप, पहाऱ्यामागे पहारा. आणि त्या अथांग अंधारातून एक आवाज उठला: "उघडा हे कवाड! उघडा, नाहीतर तुमच्या पिढ्यान्‌पिढ्या मी..."

घुर्र्र्र्र.

रद्द. मिक्सर.

टेक २

"उघडा हे कवाड! उघडा, नाहीतर तुमच्या पिढ्यान्‌पिढ्या..."

"अहो, निळा शर्ट धुवायला टाकू का?"

रद्द.

टेक ३

इथे थोडं थांबून हे काय चाललंय ते सांगणं भाग आहे.

घुमटराव विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर बसत. घुमटराव हे नाव आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं, ते ऑफिसने ठेवलं, कारण त्यांचा आवाज फायलींच्या रॅकवर आपटून परत येई. पुढे ते नाव त्यांच्या मागोमाग घरी आलं आणि तिथेच राहिलं. आवाज असा भरदार, पण त्या आवाजात ते काय म्हणतात याकडे कोणी कधी लक्ष दिलं नाही. "जरा पंखा बंद करा," म्हटलं की लोक माना डोलावत, "काय खर्ज लागलाय!" म्हणत, आणि पंखा फिरत राही. लिफ्टमध्ये "चौथा मजला" म्हटलं की शेजारचा माणूस कौतुकाने बघत बघत तिसऱ्याचं बटण दाबी.

अशा माणसाला 'कवाडगाथा' मिळाली. ही नुसती कानाने ऐकायची मालिका. डोंगरात कोंडलेला एक प्राचीन, दुष्ट देव, त्याला बाहेर पडायचंय, आणि बाहेरच्यांना तो बाहेर यायला नकोय. एवढ्यावर तीन खंड झाले होते आणि चौथा संपत आला होता. प्रत्येक खंडाच्या शेवटी दार हलतं. उघडत नाही, हलतं. पुढच्या खंडात ते आणखी थोडं हलतं. ऐकणारे लाखो लोक आहेत असं दिग्दर्शक म्हणे, आणि त्या लाखो लोकांना दार हलण्याचा कंटाळा येत नाही यावरून जगात किती जण स्वतः कशात ना कशात कोंडलेले असतील याचा अंदाज यावा.

आधीचा आद्यतम घसा बसून निवृत्त झाला. चाचणीसाठी आलेल्यांत घुमटरावांचा आवाज सर्वांत खोल निघाला. आयुष्यात पहिल्यांदा आपण बोलू आणि लोक कान देऊन ऐकतील, नुसते ऐकणार नाहीत तर घाबरतील, या कल्पनेने घुमटराव त्या दिवशी घरी चालत आले. म्हणजे बसमध्ये बसायचंच विसरले.

पण पहिल्या आठवड्यातच दिग्दर्शकाचा फोन आला.

"सर, आवाज उत्तम आहे. पण भीती वाटत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही 'तुमचा सर्वनाश करीन' म्हणता तेव्हा असं वाटतं, की आपला अर्ज मिळाला आहे, त्यावर यथावकाश विचार होईल."

घुमटरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पुढे दिग्दर्शक म्हणाला की शनिवारी संध्याकाळपर्यंत चौथ्या खंडाचा शेवटचा प्रवेश नीट आला तर ठीक, नाहीतर बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणारा एक गृहस्थ तयार आहे. त्याच्या आवाजाने लोक खरोखर धावतात.

स्टुडिओत त्या वेळी शेजारच्या इमारतीचं पाडकाम ऐकू येत होतं, म्हणून रेकॉर्डिंग घरीच करायचं होतं. आणि घरात शांतता फक्त एकाच जागी होती.

टेक ४

बेडरूमच्या भिंतीतलं कपाट. सासूबाईंनी लेकीच्या लग्नात स्वतः उभं राहून करून घेतलेलं, भक्कम लाकडाचं, एक माणूस स्टुलावर गुडघे जवळ घेऊन बसेल इतकं खोल. आत स्वेटर, गोधड्या, शाली, ब्लँकेटं. आवाज त्यांत असा मुरतो की आपण बोललो हे आपल्यालाच पटू नये.

"गाद्या लावा," खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी म्हणाले. ते सोसायटीचे सेक्रेटरी असल्यामुळे बोलावल्याशिवाय येत.

"गाद्या नकोत, अंड्यांचे ट्रे लावा," वरच्या मजल्यावरचे हौशी नट म्हणाले. त्यांनी एका नाटकात तीन अंक प्रेताचं काम केलं होतं आणि तेव्हापासून त्यांना अभिनयातलं कळत होतं. "आणि श्वास! श्वासावर काम करा. मी तीन अंक श्वास धरला होता."

अडचण एकच होती. कपाटाचं दार आतून धरलं नाही तर हळूहळू उघडे. आद्यतम विश्वाला शाप देत असताना कर्र करून दार उघडावं आणि समोर इस्त्रीचं टेबल दिसावं, यात दहशत राहत नाही. म्हणून घुमटरावांनी सुताराला बोलावलं आणि बाहेरून कडी बसवायला सांगितली.

सुताराने कडी हातात धरून कपाट आतून-बाहेरून बघितलं.

"बाहेरून?"

"हो."

"आत काय ठेवणार?"

"मी बसणार."

सुताराने एकवार घुमटरावांकडे, एकवार सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई शांतपणे स्वेटर विणत होत्या.

"मोठी बसवतो," तो म्हणाला, आणि बसवली.

टेक ५

आता नियम.

घुमटरावांच्या पत्नी शाळेत शिकवत. सगळी इमारत त्यांना बाई म्हणे, सेक्रेटरी म्हणत, हौशी नट म्हणत, टपाल टाकणारा म्हणे. बाईंचा आवाज कधी चढलेला कोणी ऐकला नव्हता. वर्गातल्या दंग्याच्या मधोमध उभं राहून त्या नुसतं "मी थांबले आहे" म्हणत आणि बाकं आपोआप सरळ होत.

चौथ्या खंडाचा शेवटचा प्रवेश म्हणजे कपटाचा कळस होता. दाराबाहेर पहारेकरीण उभी. आद्यतम आधी गरजतो, मग धमकावतो, मग विनवतो, आणि काहीच चालत नाही असं बघून तिच्या घरच्या माणसांचे आवाज काढतो. तिच्या बापाचा, भावाचा, शेवटी नवऱ्याचा. "अगं, मी आहे. दार उघड." आणि ती उघडत नाही, कारण तिने शपथ घेतलेली असते.

शनिवारी सकाळी घुमटरावांनी संहिता घरात सगळ्यांना, आणि न बोलावता आलेल्या सेक्रेटरींना, वाचून दाखवली आणि ताकीद दिली.

"मी एकदा आत गेलो की दार उघडायचं नाही. मी ओरडलो तरी नाही, रडलो तरी नाही. गुदमरतोय म्हणालो, तर तेसुद्धा संहितेत आहे. मला भूमिकेत शिरायचंय."

"आणि झालं की?" बाईंनी विचारलं.

"झालं की मी सांगीन."

"'झालं' असं तो देवही म्हणतो. 'झालं गेलं विसर' असं पान संपताना आहे."

"मग मी दार वाजवीन."

"तोही वाजवतो. अख्खं पान वाजवतो."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"एक शब्द ठरवू," बाई म्हणाल्या. "संहितेत नसलेला. तो म्हणालात की उघडीन. नाहीतर नाही. एकदा कबूल केलं की मी करते, तुम्हाला माहीत आहे."

"बरोबर. शपथेवर राहायचं. पहारेकरणीसारखं."

त्यावर बाईंनी शब्द सांगितला. घुमटराव त्या वेळी 'सर्वनाश' या शब्दातला 'र्व' घशातून काढावा की छातीतून, हे आरशात बघत होते.

"हं," ते म्हणाले.

टेक ६, म्हणजे खरा

शनिवारी दुपारी घुमटराव माइक, संहिता आणि डोक्याला बांधायची बॅटरी घेऊन आत गेले. फोन बाहेर ठेवला, कारण तो आत असला की रेकॉर्डिंगमध्ये किरकिर येई. कन्या बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर, कानाला हेडफोन लावून. कपाटाच्या फटीतून तिच्यापर्यंत वायर. बाईंनी दार लोटलं, कडी घातली, आणि शेजारी खुर्ची घेऊन वह्या तपासायला बसल्या.

आणि घुमटराव रंगले हो. खरंच रंगले. गरजले, घुमले, विव्हळले. बापाचा आवाज तर असा काढला की त्यांचा त्यांनाच वडिलांचा राग आला. शेवटचं वाक्य संपलं. कपाळावरून घाम गोधडीत ठिबकला. आत उकडत होतं, पाय मुंग्यांनी भरले होते, पण छाती फुगली होती.

"झालं!" ते म्हणाले.

बाहेर वहीचं पान उलटल्याचा आवाज.

"अगं, झालं. उघड."

पान.

"अगं, मी आहे!"

"हो," बाई म्हणाल्या. "पान शेवटचं, ओळ तिसरी. आधीच्यापेक्षा बरी घेतलीत."

"ती ओळ नाही! मी आहे! खरा मी!"

"'खरा मी' ही पुढची ओळ."

तेव्हा घुमटरावांना शब्द आठवला. म्हणजे एक शब्द ठरला होता हे आठवलं. त्यांनी डोळे मिटले, तो सकाळचा प्रसंग पुन्हा उभा केला: आरसा, घसा, छाती, 'र्व'. आरशात मागे बाई उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलले होते. कसे हलले होते?

"चहा?" त्यांनी अंदाजाने विचारलं.

"नाही."

"कुलूप. किल्ली. कडी."

"नाही."

"प्रिये?"

बाहेर पेनाचं टोपण लागल्याचा आवाज आला.

"नाही," बाई म्हणाल्या. "आणि ते सुचलं कसं तुम्हाला?"

अंधार

इथून पुढे घुमटरावांना काहीच दिसत नाही, कारण डोक्यावरची बॅटरी विझली. त्यामुळे वाचकालाही दिसणार नाही. जे आहे ते फक्त ऐकू येईल.

(दाराची घंटा. चपला. पुष्कळ चपला.)

सेक्रेटरी: बाई, खालपर्यंत येतंय. तुमच्याकडे कोणाला कोंडलंय का?

बाई: हो. ह्यांना.

सेक्रेटरी: असं होय. मला वाटलं काही झालं.

घुमटराव: सेक्रेटरी! अहो, सोडवा मला! मी खरोखर अडकलोय!

सेक्रेटरी: वा.

हौशी नट: नाही, नाही. माफ करा, पण हे जमलं नाही. काल जिन्यात म्हणून दाखवलंत तेव्हा मी दोन पायऱ्या मागे सरलो होतो. आज खोटं वाटतंय.

घुमटराव: खोटं? मी गुदमरतोय इथे!

हौशी नट: बघा! गुदमरणारा माणूस 'इथे' म्हणेल का? त्याला पत्ता सांगायचाय का? आणि वाक्याच्या शेवटी आवाज चढवताय. खरं दुःख खाली उतरतं. उतरवा. हं, पुन्हा.

घुमटराव: (खाली उतरवून) मी गुदमरतोय...

हौशी नट: आता फारच उतरलं. जांभई वाटली.

घुमटराव: मी काही करून दाखवत नाहीये! देवाशपथ!

सासूबाई: हे आहे संहितेत. देव स्वतःचीच शपथ घेतो. मला तिथे फार हसू आलं होतं.

घुमटराव: सासूबाई, तुम्ही तरी सांगा हिला! हवं तर दार तोडा!

सासूबाई: दाराला हात लावायचा नाही कोणी. लाकूड बघा ते. आता मिळतं का असं लाकूड? माणूस काय, जरा वेळाने निघेल.

(पुन्हा घंटा. जड बूट.)

नवा आवाज: अग्निशमन दल. समोरच्या इमारतीतून फोन आला. 'पुरुषाचा आवाज, विश्वाचा नाश करण्याची धमकी, मग रडणं.' इथेच का?

घुमटराव: इथेच! इथेच साहेब! कपाटात!

अग्निशमनचे साहेब: शांत राहा. आम्ही आलोय. आता मला फक्त सांगा, तुम्ही अडकलेले आहात की कोंडलेले?

घुमटराव: काय फरक पडतो?

अग्निशमनचे साहेब: मोठा फरक पडतो. अडकलेला माणूस आमच्याकडे. म्हणजे दार फुगलं, कुलूप बिघडलं, लिफ्ट थांबली. कोंडलेला माणूस आमच्याकडे येत नाही, तो पोलिसांकडे. दाराला काय आहे?

बाई: कडी आहे. बाहेरून. चांगली चालते. बघा. (कडी वाजते. घुमटरावांचा श्वास थांबतो.) आणि ही पुन्हा लावली.

अग्निशमनचे साहेब: मग कोंडलेले. सॉरी, आमचं काम नाही.

घुमटराव: मग पोलिसांना बोलवा!

अग्निशमनचे साहेब: बोलवू. पण पोलीस पहिलं विचारतील, कोणी कोंडलं?

बाई: ह्यांनीच सांगितलं कोंडायला. सगळ्यांसमोर.

सेक्रेटरी: आम्हाला माहीत आहे. मी साक्षीदार आहे. कडी बसवायला सोसायटीची लेखी परवानगी घेतली नव्हती, तो विषय वेगळा.

अग्निशमनचे साहेब: स्वतःच्या इच्छेने कोंडलेले! मग ते पोलिसांकडेही जात नाही. मग ते... (पानं चाळल्याचा आवाज) मग ते घरगुती.

घुमटराव: साहेब, निदान मी बाहेर यायचं म्हणतोय एवढं तरी ऐका!

अग्निशमनचे साहेब: ऐकतोय ना. आवाज छान आहे तुमचा. रेडिओवर असता का?

(बूट जातात. हौशी नट त्यांना जिन्यात श्वासाबद्दल काहीतरी सांगतात. चपला जातात.)

घुमटराव: अगं.

बाई: काय?

घुमटराव: संध्याकाळ झाली का?

बाई: होत आली.

घुमटराव: रेकॉर्डिंग पाठवायचंय. नाही पाठवलं तर तो बसस्थानकवाला येईल. मला आयुष्यात हे एकच मिळालं होतं गं. मी बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं.

बाई: (वही मिटतात.) शब्द सांगा.

घुमटराव: तुला कळतंय ना, मी आता नाटक करत नाहीये?

बाई: ते मला पहिल्या हाकेपासून कळतंय. नाटक करताना तुम्ही इतकं मुद्द्याचं कधी बोलत नाही.

घुमटराव: मग?!

बाई: मग मी वाट बघते आहे.

टेक रद्द

दार उघडलं ते दयेने नाही, अभिनयाने नाही, कायद्याने तर नाहीच. सासूबाईंना थंडी वाजली. त्यांची करडी शाल कपाटात होती.

"दार उघड गं जरा," त्या म्हणाल्या, आणि बाईंनी आईचा शब्द मोडला नाही. कडी निघाली. घुमटराव गोधड्यांसकट बाहेर ओघळले. सासूबाई त्यांना ओलांडून आत गेल्या, शाल काढली, स्टुलावर पडलेली संहिता नीट उचलून ठेवली आणि म्हणाल्या, "आत किती धूळ केलीय."

घुमटराव जमिनीवरूनच म्हणाले, "काय होता तो शब्द?"

"सकाळी सांगितला होता," बाई म्हणाल्या आणि शाळेची पिशवी आत ठेवायला गेल्या. तो शब्द काय होता हे घुमटरावांना आजतागायत कळलेलं नाही. ते आडून विचारतात, वाढदिवसाला विचारतात, बाई अर्धवट झोपेत असताना विचारून बघतात. त्यामुळे तो आपल्यालाही कळण्याची आशा नाही.

घुमटराव कसेबसे उठून बाहेरच्या खोलीत गेले.

"पाठव," ते कन्येला म्हणाले. "पहिला भाग. 'झालं'च्या आधीचा."

कन्येने हेडफोन काढले. "मी पाठवलं, बाबा."

"कुठला भाग?"

"सगळा. तुम्ही म्हणाला होतात, कापाकापी करू नकोस, भूमिकेला जागा दे. मी शेवटपर्यंत जागा दिली. बाहेरचं पण आलंय फटीतून. अग्निशमनवाले एकदम क्लिअर आलेत."

घुमटराव तिथेच खाली बसले. सासूबाई, सेक्रेटरी, हौशी नटांची शिकवणी, 'घरगुती', आणि 'मला आयुष्यात हे एकच मिळालं होतं गं', सगळं त्या माणसाच्या कानात गेलं होतं, ज्याला भीती हवी होती. रविवारभर ते कोणाशी बोलले नाहीत. कोणाच्या लक्षात आलं नाही, पण ते बोलले नाहीत.

टेक पुढचा

सोमवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला.

"सर!" दिग्दर्शक ओरडलाच. "मी पूर्ण ऐकलं. आमच्या सगळ्या टीमने बसून ऐकलं. जेवण गार झालं, कोणी उठलं नाही. सर, आद्यतम सापडला!"

घुमटराव खुर्चीतून उठले. टेबलावरचे सगळे दावे त्या क्षणी मंजूर व्हायला हरकत नव्हती.

"तुम्हाला असं वाटलं?" ते शक्य तितक्या बेफिकिरीने म्हणाले. "मी फक्त थोडं आतून..."

"काय तो थंडपणा! तोंडावर हसू असावं असं वाटतं, आणि तरी अंगावर काटा येतो. जगाचा अंत होऊ दे नाहीतर न होऊ दे, हिला काही घाई नाही. अनंत काळ आहे! 'मग मी वाट बघते आहे.' सर, आमचा ध्वनिमुद्रक नंतर बाहेर जाऊन आईला फोन करून आला."

घुमटराव बसले.

"दाराबाहेर जो आवाज आहे," दिग्दर्शक म्हणाला, "त्या कोण?"

वाचकहो, जखमी स्वाभिमानाचंही एक शिष्टाचाराचं बोलणं असतं. घुमटराव म्हणाले की विचारून सांगतो. मग म्हणाले की त्यांना वेळ नसतो. मग म्हणाले की त्यांना या क्षेत्राचा अनुभव नाही, आणि आद्यतम हा मुळात पुरुष आहे, चार खंड पुरुष आहे.

"हजारो वर्षं अंधारात आहे, सर," दिग्दर्शक म्हणाला. "कोणी पाहिलंय?"

घरी त्यांनी हे सांगितलं तेव्हा बाई भाजी निवडत होत्या. हसल्या नाहीत, फुशारल्या नाहीत. एवढंच विचारलं, "तुम्हाला वाईट वाटेल का?"

"छे," घुमटराव इतक्या जोरात म्हणाले की वरून हौशी नटांनी खाली डोकावून "हे मात्र खोटं!" असं कळवलं.

"खरं सांगा. नको म्हणालात तर मी नाही करणार."

घुमटराव निवडलेली भाजी पुन्हा निवडू लागले. नको म्हटलं तर ही खरंच नाही करणार, हे त्यांना माहीत होतं. आणि मग बसस्थानकवाला येईल. आणि मग रोज संध्याकाळी त्यांना आठवत राहील, की त्या कपाटात अंधारात बसून आपण स्वतः हा आवाज ऐकला होता, आणि आपल्याच मानेवरचे केस उभे राहिले होते. इतका वेळ ते ज्या भीतीसाठी घसा खरवडत होते, ती दाराच्या पलीकडे वह्या तपासत बसली होती.

"कर," ते म्हणाले. "कडी मी सांभाळतो."

टेक शेवटचा

पाचवा खंड. शेवटचं कवाड. संहितेत पानभर आकांत होता. बाईंनी तो लाल पेनने खोडला आणि समासात लिहिलं, 'पाल्हाळ.' मग वह्यांचा गठ्ठा घेऊन आत जाऊन बसल्या, रेकॉर्डिंग सुरू होईपर्यंतचा वेळ फुकट जायला नको म्हणून.

बाहेर घुमटराव. यावेळी नियम त्यांच्यासाठी होता: आतून काहीही आलं तरी उघडायचं नाही. त्यांनी कडी घातली, तिच्यावर हात ठेवला आणि पाय रोवून उभे राहिले. बाहेरच्या खोलीतून कन्येने हात केला.

बराच वेळ आतून काहीच आलं नाही. मग, अगदी जवळून:

"दार उघडा."

एवढंच. ना गर्जना, ना घुमणं. घुमटरावांनी ओठ आवळले. हे रेकॉर्डिंग आहे, त्यांनी स्वतःला बजावलं. हे नाटक आहे. ही आपली बायको आहे. या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि शेवटचीने पहिल्या दोन्हींवर मात केली.

"मी थांबले आहे," आतून आलं.

खट्‌.

"बाबा!" कन्या ओरडली. "टेक गेला ना!"

बाई आतून त्यांच्याकडे बघत होत्या. घुमटरावांनी दिलगिरी व्यक्त केली, दार लावलं, कडी घातली. पुन्हा सुरू. पुन्हा शांतता. पुन्हा तो आवाज. खट्‌. कन्येने त्यांना कडीपासून दूर उभं केलं, तर ते चालत आले. खुर्चीवर बसवलं, तर खुर्चीसकट आले. शेवटी सेक्रेटरींना बोलावून कडीपाशी उभं केलं. सोसायटीच्या नियमांप्रमाणे पहारा देईन, असं ते म्हणाले. बाईंनी आतून "दार उघडा" म्हणताच त्यांनी उघडलं, वर "सॉरी बाई" म्हणाले आणि तडक घरी गेले.

कन्येने वैतागून ते सगळे टेक जसेच्या तसे पाठवून दिले. दिग्दर्शकाने ते ऐकले, लेखकाला उठवून ऐकवले, आणि लेखकाने गाथेचा शेवट बदलला. चार खंड नुसतं हलणारं ते दार पाचव्या खंडात उघडलं. कोणी तोडलं नाही, मंत्र चुकला नाही, फितुरी झाली नाही. पहारेकऱ्याने ते आपल्या हाताने उघडलं, कारण आतून तसं सांगितलं गेलं होतं.

लाखो लोकांनी ऐकलं. आद्यतमाची वाहवा झालीच, पण एका प्रसिद्ध समीक्षकाने असं लिहिलं की मालिकेतला सर्वांत थरारक क्षण शब्दांचा नाहीच. तो आहे पहारेकऱ्याचा: आधी त्याचा एक दबलेला श्वास, मग त्यातलं ते हरणं, आणि मग कडीचा आवाज. अशी शरणागती कुठल्याही नटाला करून दाखवता येत नाही, हा कोण कलावंत आहे?

घुमटरावांनी ते कात्रण ऑफिसात नेलं आणि पंख्याखाली उभं राहून मोठ्याने वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर कोणीतरी उठून पंखा बंद केला.

"वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "पुन्हा वाचा."